कल्याणच्या वळणावरचं पन्हं

सायकलची शर्यत पायांनी नव्हे, डोक्यानं जिंकायची असते, हे त्र्यंबकराव मेहेंदळ्यांचं दीर्घ चिंतनातून बनलेलं ठाम मत होतं. चिंतनातूनच बनवावं लागलं, कारण त्र्यंबकरावांना सायकल चालवता येत नव्हती.

तशी गरजही पडली नव्हती. डोंबिवलीतली त्यांची खोली स्टेशनपासून चार मिनिटांवर आणि ठाण्यातली सरकारी कचेरी तिकडच्या स्टेशनपासून सात मिनिटांवर. मधलं अंतर रेल्वे बघून घ्यायची. पण एकोणीसशे त्रेपन्नच्या वैशाखात ठाण्याच्या एका सायकल मंडळानं शर्यत जाहीर केली. ठाण्याहून कळवा, मुंब्रा, शीळ करत कल्याण, आणि तसंच परत. पहिल्या तीन नंबरांना मुंबईच्या एका कापडगिरणीत कायम नोकरी, कारण गिरण्यांना तेव्हा आपापल्या संघांसाठी खेळाडू हवे असत. गिरणीचे वेल्फेअर ऑफिसर गुप्ते साहेब बक्षीस समारंभाला जातीनं हजर राहणार होते. ही बातमी वाचून त्र्यंबकरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आपल्या थोरल्या चिरंजिवांकडे पाहिलं.

थोरले चिरंजीव प्रभाकर दुसऱ्या खेपेला मॅट्रिक झाले होते. त्यानंतर त्यांनी सव्वीस ठिकाणी अर्ज केले. बावीस ठिकाणांहून उत्तर आलं नाही, चार ठिकाणांहून आलं आणि ते न आलेलंच बरं होतं. मधल्या काळात त्यांनी एकच गोष्ट मन लावून केली, ती म्हणजे सायकल चालवणं. प्रभाकरच्या आईचे, म्हणजे मंदाकिनीबाईंचे, बंधू खडवलीला असत. त्यांची भाताची गिरणी होती. ते महिन्यातून एकदा यायचे, चहा घ्यायचे, बाजारात बैल बघावा तसं भाच्याकडे खालपासून वरपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "एक जूनला नेतो. पोती उचलायला बरा आहे."

प्रभाकरला खडवलीला जायचं नव्हतं. मंदाकिनीबाईंना त्याला पाठवायचं नव्हतं. आणि मॅट्रिक झालेला मेहेंदळे पाठीवर पोतं घेऊन जाताना त्र्यंबकरावांच्या डोळ्यांसमोर आला की ते अर्ध्या जेवणावरून उठायचे. तेव्हा पहिल्या तिघांत यायचं, नाहीतर एक जूनला खडवली. इतका सरळ मामला होता.

त्र्यंबकरावांनी वाचनालयातून एका इंग्रज गृहस्थाचं सायकल-शर्यतीवरचं पुस्तक आणलं. त्यात 'उष्ण हवेतील डावपेच' असं एक स्वतंत्र प्रकरण होतं. जेवण झाल्यावर त्यांनी प्रभाकरला समोर बसवलं.

"उष्ण हवेत, म्हणजे पारा पंचाहत्तर अंश फॅरनहाइटवर गेल्यास, स्वारानं विशेष जपावं, असं म्हणतोय हा."

"अप्पा, आपल्याकडे पंचाहत्तर कधी असतं?"

त्र्यंबकरावांनी विचार केला. "पौषात. पहाटे."

पण पुस्तक सोडून चालणार नव्हतं, कारण दुसरं नव्हतं. त्यातले नियम त्यांनी कचेरीच्या पद्धतीनं क्रमांक घालून उतरून काढले. सुरुवातीला जोर मारायचा नाही. दुसऱ्याच्या मागे राहायचं, म्हणजे समोरचा वारा तो कापतो आणि आपली ताकद वाचते. तहान लागायच्या आत घोटघोट प्यायचं, एकदम ढोसायचं नाही. मानेवर ओलं फडकं ठेवायचं. आणि अर्ध्या वाटेवर, सायकलवरून न उतरता, मीठ-साखर असलेलं एखादं पेय घ्यायचं.

"सगळेच एकमेकांच्या मागे राहायला लागले तर पुढे कोण जाणार?" प्रभाकरनं विचारलं.

"बाकीच्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही. मी आतलं कार्ड बघितलं. शेवटचं अडतीस साली बाहेर गेलं होतं."

सराव सुरू झाला. रविवारी भर बारा वाजता प्रभाकर शीळपर्यंत जाऊन यायचा आणि त्र्यंबकराव रस्त्याकडेच्या चिंचेखाली छत्री उघडून, मांडीवर घरातलं गजराचं घड्याळ घेऊन बसायचे. ते घड्याळ मनात येईल तेव्हा वाजायचं. दोन वेळा जाणाऱ्या बैलगाडीचे बैल बुजले. गाडीवान जे बोलला ते त्र्यंबकरावांनी घरी सांगितलं नाही.

शेजारच्या खोलीतले वझे रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. त्यांच्या मते शर्यत आणि मालगाडी यांत तत्त्वतः फरक नाही. "मेहेंदळे, पोराला शिट्टी द्या. शिट्टीशिवाय कुठलीही गाडी वेळेवर पोचलेली मी पाहिलेली नाही." शिट्टी असूनही किती वेळेवर पोचल्या, हे त्र्यंबकरावांनी सभ्यपणानं विचारलं नाही. तळमजल्यावरच्या गंगुबाईंनी कांदे आणून दिले. एक खिशात, एक टोपीखाली. "ऊन लागायची बिशाद नाय, भाऊ. माझा दादला चाळीस वर्सं उन्हात ऱ्हायला."

"मग?"

"मग काय? थंडीनं गेला."

त्र्यंबकराव कॉलेजात शिकलेले असल्यामुळे त्यांचा कांद्यावर विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी एकच, खिशातला, मंजूर केला. तीन दिवसांच्या सरावानंतर लक्षात आलं की त्या वासामुळे प्रभाकरच्या मागे राहून वारा चुकवण्याची कुणाचीच छाती होणार नाही. पुस्तकात हा डाव नव्हता.

प्रवेश-अर्जाचं प्रकरण मात्र कांद्यानं सुटण्यासारखं नव्हतं. मंडळाचे चिटणीस, आनंदराव म्हणून एक कडक गृहस्थ, एकोणीस नियमांची छापील पुस्तिका छातीशी धरून बसत. नियम चारप्रमाणे स्पर्धकाच्या वर्तणुकीचा आणि नियम पाचप्रमाणे सायकलच्या सुस्थितीचा दाखला हवा होता, दोन्ही राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचे. "सायकलचा दाखला आमचा सायकलवाला गणू देईल की," त्र्यंबकराव म्हणाले. "गणू राजपत्रित आहे का?" आनंदरावांनी विचारलं. पंचवीस वर्षं लोकांना असेच प्रश्न विचारत आलेल्या त्र्यंबकरावांना ते टेबलाच्या या बाजूनं कसे लागतात हे त्या दिवशी कळलं. 

शेवटी सायकल कचेरीतच नेली. साहेबांनी तिची घंटी वाजवून पाहिली, "वाजते," म्हणाले, आणि टंकलेखकाला दोन दाखले करायला सांगितलं. टंकलेखकाकडे नमुना एकच होता. त्यामुळे दुसऱ्या दाखल्यात साहेबांनी असं लिहून दिलं की, मी सदर सायकलीस गेली तीन वर्षे ओळखतो, ती सुस्वभावी असून तिच्याविरुद्ध काही ऐकिवात नाही. आनंदरावांनी तो दोनदा वाचला, सही तपासली आणि दाखल करून घेतला.

राहिला प्रश्न अर्ध्या वाटेवरच्या पेयाचा. शर्यतीचं वळण कल्याणात पारनाक्यावर होतं, आणि पारनाक्यावर, अगदी रस्त्याला लागून, त्र्यंबकरावांच्या थोरल्या बहिणीचं, उत्तराताईंचं घर होतं. योग इतका सरळ जुळलेला पाहून त्र्यंबकरावांना तेव्हाच संशय यायला हवा होता. त्यांनी कार्ड टाकलं: रविवारी प्रभाकर सायकलवरून तुझ्या दारावरून जाईल. पन्ह्याचा पेला तयार ठेवावा. तो उतरणार नाही.

उलट टपाली ताईंचं कार्ड आलं: उतरणार नाही म्हणजे काय? बाकी पन्हं करते.

शर्यत ठाण्याच्या तळ्याकाठाहून सकाळी सात वाजता सुटायची होती. ऊन चढायच्या आत अर्धी वाट मागे पडेल, असा त्र्यंबकरावांचा हिशेब होता. पण अध्यक्ष आठ वाजता आले, हार पावणेनऊला आले, आणि मग 'राष्ट्रबांधणीत चाकाचे स्थान' या विषयावर अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते खाली बसले तेव्हा पावणेदहा झाले होते आणि तळ्याच्या काठावरची कावळ्यांसुद्धा सगळी मंडळी सावलीला गेली होती. सतरा स्पर्धक तेवढे उन्हात उभे होते. त्र्यंबकरावांनी प्रभाकरच्या कानात नियम एक ते पाच पुन्हा एकदा म्हणून दाखवले, मानेवरचं फडकं तांब्यातल्या पाण्यानं भिजवलं, आणि निशाण पडताच ते स्टेशनकडे पळत सुटले. त्या दिवशी ठाण्यात सर्वांत जोरात सुरुवात कुणी केली असेल तर ती त्यांनी.

कल्याणला त्यांनी ताईंच्या ओटीवर पाऊल टाकलं. ओटीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. कडेला मोठं घंगाळ भरून पन्हं, त्यावर ओलं फडकं. दुसऱ्या पातेल्यात दडपे पोहे. शेजारच्या सखुबाई ओळीनं पितळी पेले मांडत होत्या. आणि वळणावर भर रस्त्यात निशाण घेऊन उभं राहून ज्यानं येणाऱ्यांच्या हातावर शिक्का मारायचा तो मंडळाचा पंच, बाळ नावाचा तरुण, हातातला शिक्का आणि शाईची पेटी बाजूला ठेवून पोहे खात होता.

"ताई, हे काय?"

"काय म्हणजे? हा मुलगा उन्हात उभा होता. म्हटलं, वर ये. शिक्का काय, ओटीवरही मारता येतो."

"म्हणजे सगळे ओटीवर येणार?"

"सतरा आहेत म्हणे. सतरा जणांपुरतं आहे, थोडं वरच आहे."

"अगं, मी एकाचंच लिहिलं होतं!"

ताईंनी पळी खाली ठेवली. "त्र्यंबक, माझ्या दारात सतरा पोरं उन्हातान्हाची येणार, आणि मी त्यांच्या देखत एकाला पाजू? असला पंक्तिप्रपंच आपल्या आईनं शिकवला होता का?"

आईचा उल्लेख येताच त्र्यंबकराव सखुबाईंबरोबर पेले मांडायला लागले. लहानपणापासून ताईंसमोर त्यांचं असंच होत असे.

सव्वाअकराच्या सुमाराला पहिला आला तो दौलत. कळव्याहून ठाण्याला रोज सायकलवर दुधाच्या कासंड्या घालणारा. हातावर शिक्का घेतला, पेला एका घोटात संपवला, "बस की रे बाबा," असं ताई म्हणेपर्यंत "गिऱ्हाईक खोळंबलंय, बाई," असं सवयीनं म्हणून तो निघूनही गेला. दुसरा सहदेव, खाडीकाठच्या मिठागरावरचा. त्यानं पेला घेतला आणि सरळ डोक्यावर ओतला. "बेस गार वाटला गो, आये!"

"पन्हं डोक्यावर!" ताई नुसत्या बघत राहिल्या. त्यांना सावरायला वेळ लागला, तेवढ्यात सहदेवही वळणापार गेला होता.

तिसरा प्रभाकर. त्र्यंबकरावांचा आनंद मावेना. डावपेच बरोबर उतरले होते. पण प्रभाकरच्या मागोमाग, अगदी हात पोचेल इतक्या अंतरावर, नऊ जणांचा घोळका येऊन थडकला. पुस्तक न वाचताही त्यांना मागे राहायचं सुचलं होतं. कांद्याचा काही उपयोग झाला नव्हता. शिक्क्यासाठी दहाही जण ओटीवर चढले. प्रभाकरनं पेल्याकडे हात नेला.

"तू थांब रे," ताई म्हणाल्या. "तू घरचा. आधी पाहुणे."

"आत्या, मी शर्यतीत आहे गं!"

"मग हे काय वरातीत आलेत? हा तांब्या धर. वाढ सगळ्यांना."

मेहेंदळ्यांच्या घरात गेल्या चार पिढ्यांत घरच्या मुलानं पाहुण्यांच्या आधी पाणी प्यायल्याची नोंद नव्हती. प्रभाकरचा हात आपोआप तांब्याकडे गेला. त्यानं बापाकडे पाहिलं. इथे बापानं काहीतरी करायला हवं होतं. प्रश्न मुलाच्या जन्माचा होता. खडवलीची पोती डोळ्यांसमोर रचून ठेवलेली होती. त्र्यंबकरावांनी घसा खाकरला, पुढे झाले, आणि पहिल्याच पाहुण्याचा पेला रिकामा दिसताच त्यांच्या तोंडून शब्द गेले, "घ्या, घ्या, अजून अर्धा घ्या. संकोच करू नका. प्रभाकर, इकडे वाढ."

हे आपणच बोललो, हे त्यांच्या लक्षात यायला दोन पाहुणे उलटले.

मग पोहे आले. "नको," असं कुणी म्हटलं की ताईंना तो अपमान वाटे, आणि "थोडेच," म्हटलं की त्या उत्साहानं डाव पुन्हा भरत. एकानं आत्या छान पोहे करतात म्हटलं, त्याला तिसऱ्यांदा मिळाले. घामानं निथळलेला प्रभाकर तांब्या घेऊन वाकून फिरत होता आणि ज्यांना हरवायचं त्यांनाच "आणखी?" विचारत होता. शेवटी घंगाळाचा तळ लागला तेव्हा ताईंनी कपाळाला हात लावला.

"संपलं की रे! त्या मेल्यानं डोक्यावर काय घातलं, बाकीच्यांनी तीन-तीन काय घेतले! तुला कैरी उकडून करून देते दुसरं, बस."

"नको, आत्या!" असं ओरडून प्रभाकर सायकलवर बसला तो वळूनही न पाहता निघाला. कोपऱ्यावरच्या पाणपोईशी तो क्षणभर थांबलेला दिसला, आणि मग दिसेनासा झाला.

इकडे ओटीवर शांतता पसरली होती. तीन पेले पन्हं, वर पोहे, आणि बाहेर वैशाखातलं बारा वाजताचं ऊन. पहिल्यानं भिंतीला पाठ टेकली. दुसरा म्हणाला, "दोनच मिनिटं पडतो." तिसऱ्यानं विचारलंही नाही. त्र्यंबकराव उंबऱ्यात उभे राहून बघत होते. मग ते आत गेले, लोड आणि दोन उशा घेऊन आले, त्या हलकेच पाहुण्यांच्या डोक्यांखाली सरकवल्या, आणि त्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून ओटीवरचा बांबूच्या चिकाचा पडदा खाली सोडला. हे आदरातिथ्य होतं की डावपेच, हे पुढे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नाही.

ठाण्याला पोचायला त्यांना गाडी उशिरा मिळाली. तळ्याकाठी मंडपात मंदाकिनीबाई पदराचं टोक चावत उभ्या होत्या. त्यांचे बंधू आले होतेच. परतीच्या गाडीला भाच्याला बरोबरच न्यावं, म्हणून.

"कोण कोण आलं?" त्र्यंबकरावांनी धापा टाकत विचारलं.

"दोघं आले," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आपला नाही, अहो. अर्धा तास झाला, कुण्णी नाही. पाच जण मुंब्र्यालाच बसले म्हणे, ते मालट्रकनं आले. तुमच्या त्या पुस्तकात चक्कर येऊन पडल्यावर काय करायचं ते लिहिलंय का?"

लिहिलं होतं. गार बिअर द्यावी, असं लिहिलं होतं. 

आणखी दहा मिनिटं गेली. मामांनी घड्याळ काढून गाडीची वेळ पाहिली. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला काहीतरी हललं. कळव्याच्या पुलावर साखळी दोनदा निसटली म्हणून कोपरापर्यंत काळा झालेला, तोंड लाल, मानेवरचं फडकं वाळून पापडासारखं कडक, असा प्रभाकर डुलत डुलत येत होता. त्यानं रेषा ओलांडली आणि सायकलसकट बापाच्या अंगावर आला. त्र्यंबकरावांनी दोघांनाही मिठी मारली. घंटी वाजली.

पण अजून सुटका नव्हती. साडेचारच्या गाडीनं झोपलेले नऊ जण, चेहरे टवटवीत, सायकली लगेज करून आले. बरोबर पंच बाळही होता, तोही ताजातवाना. नवांतला एक सरळ आनंदरावांसमोर गेला. "माझी तक्रार आहे. वळणावरचं घर मेहेंदळ्यांच्या आत्याचं आहे."

आनंदरावांनी पुस्तिका उघडली. "नियम अकरा. स्पर्धकाने वाटेत नातलगाकडून अन्न वा पेय घेतल्यास तो बाद समजण्यात येईल."

 'पन्ह्याचा पेला तयार ठेवावा' हे त्र्यंबकरावांच्या स्वतःच्या अक्षरात, टपालाच्या शिक्क्यासह, कल्याणला ताईंच्या खिडकीतल्या पत्रांच्या तारेला टोचलेलं होतं. मामा उठून उभे राहिले आणि त्यांनी पिशवी काखेत मारली.

"काय मेहेंदळे," आनंदरावांनी प्रभाकरला विचारलं, "आत्यानं पन्हं दिलं?"

"दिलं," प्रभाकर म्हणाला. त्र्यंबकरावांनी डोळे मिटले. "सगळ्यांना दिलं. मला नाही."

"पोहे?"

"मी वाढले. खाल्ले यांनी."

"पाणीसुद्धा नाही?"

"ते पाणपोईवर प्यालो."

"खरं आहे," पंच बाळ पुढे होऊन म्हणाला. "मी समोरच बसलो होतो. याला थेंब मिळाला नाही. मला वाईट वाटलं, पण माझ्या तोंडात घास होता."

आनंदरावांनी तक्रारदाराकडे पाहिलं. "आपण किती पेले घेतलेत?"

"तीन," तो पुटपुटला. "पण ती माझी आत्या नाही."

"मग प्रश्नच मिटला," असं म्हणून आनंदरावांनी पुस्तिका बंद केली आणि तिसऱ्या नंबरापुढे प्रभाकर त्र्यंबक मेहेंदळे असं लिहिलं. चौथ्या नंबरापुढे त्यांनी आडवी रेघ मारली, कारण शर्यत पुरी करणारे तिघेच होते.

त्र्यंबकराव खुर्चीवर बसले. कितीतरी वेळानं त्यांनी पुरा श्वास घेतला आणि तो सोडताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. मंदाकिनीबाई रडत होत्या आणि रडता रडता प्रभाकरच्या खिशातला सुकलेला कांदा काढून फेकत होत्या. मामा म्हणाले, "बरं झालं, बरं झालं," आणि एकटेच खडवलीच्या गाडीला गेले. गुप्ते साहेबांनी प्रभाकरशी हात मिळवला, मग रुमालानं हात पुसला, आणि एक तारखेला कामावर हजर व्हायला सांगितलं.

गिरणीला सायकलचा संघ नव्हता. प्रभाकरला कॅरमच्या संघात घेतलं.